भाजल्या मिरच्यांचा धूर

सूर्य टेकडीमागे जायच्या आत बाळाची दुपटी दोरीवरून घरात आली पाहिजेत, हा दोब्रिलाचा नियम. तिच्या आईचा होता, सासूचा होता, मग तिचा झाला. दुपट्यावर एकदा अंधार पडला की त्या अंधारातलं काय काय बाळाच्या अंगाला चिकटेल, याचा नेम नाही. चुकून एखादं राहिलंच बाहेर, तर ते पुन्हा बाळाला लावायचं नाही, चुलीत घालायचं. याखेरीज बाळाच्या मनगटाला लाल दोरा, उशीखाली लसणाचा गड्डा, आणि चाळीस दिवस बाळ-बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही.

"आई, तो लसूण काढा हो. गादीला वास मारतोय," तिची सून तियाना म्हणायची.

"मारू दे. वाइटालाही मारतो," दोब्रिला म्हणायची आणि गड्डा आणखी आत सरकवायची.

तियाना शहरात शिकलेली. ती हसायची, पण लसूण काढायची नाही. नऊ वर्षं वाट पाहून झालेली मुलगी होती. नऊ वर्षं वाट पाहिलेलं माणूस कुठल्याच देवाला आणि कुठल्याच लसणाला नाही म्हणत नाही.

घरी येणाऱ्या सरकारी नर्सने मात्र वेगळंच बजावलं होतं. "चाळीस दिवस कुणाला बाळाजवळ येऊ देऊ नका. मुका घेणं नको, तोंडाजवळ तोंड नको. कुणी खोकत असेल तर फाटकातूनच परत पाठवा. कोण का असेना." दोब्रिलाला ते ऐकून उलट बरं वाटलं. तिच्या आईला हे शाळेचं तोंड न बघता ठाऊक होतं. कारण काय ते दोघींनी आपापलं ठरवावं, दार बंद ठेवल्याशी मतलब. तिने सुनेला शब्द दिला, "तू निवांत झोप. या उंबऱ्यावर मी बसलेय."

आणि ती खरंच बसली. गल्लीतल्या बायका बाळ बघायला आल्या, त्याला तिथे बाबिने म्हणतात, तर दोब्रिलाने त्यांचे गोल पाव, मोजे, टोपडी फाटकावरच घेतली. "चाळीस दिवसांनी या, गोड खायला घालते," म्हणाली. एकजण कुरकुरली, "आम्ही काय लांडगे आहोत?" तर ही म्हणाली, "लांडगा परवडला. तो मुका घेत नाही."

दोब्रिलाचा जन्म मोरावा नदीच्या वरच्या अंगाचा, प्लमच्या बागांतला. लग्न होऊन खाली गावात आली ती काचेच्या कारखान्यात लागली. पेले पेंढ्यात गुंडाळून खोक्यात भरायचं काम. जन्मभर तिने काच हाताळली आणि एक पेला फुटू दिला नाही, हा तिचा अभिमान. कारखाना बंद पडला, नवरा वारला, पण तिचे हात थांबले नाहीत. गल्लीत कुणाकडे बाळ झालं की बाबिनेचा पाव तिच्याकडून जायचा. शरद ऋतू लागला की अंगणात पत्र्याच्या चुलीवर ती पोतीच्या पोती लाल ढोबळ्या मिरच्या भाजायची, सोलायची, तेलात आटवून वर्षभराची आयवारची चटणी बरण्यांत भरायची. रविवारी चर्चमध्ये जायची, मेणबत्त्या लावायची. वरच्या ताटात जिवंतांसाठी, खालच्या वाळूत गेलेल्यांसाठी. खालच्या मेणबत्त्या वाढत गेल्या, वरच्या कमी झाल्या. पण वरची एक ती कधी चुकली नाही. ती पेर्साची.

पेर्सा म्हणजे त्यांच्या घरची कूमा. लग्नात साक्षीला उभं राहायचं ते कूमाने, बाप्तिस्म्याला बाळ हातावर घ्यायचं तेही कूमाने, आणि जुन्या चालीच्या घरात बाळाचं नावसुद्धा कूमाच ठेवणार. हे नातं पिढ्यान् पिढ्या दोन घरांत चालतं आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांना कूमाच म्हणतात. देवानंतर कूमा, असं मानतात. कूमा म्हणजे काही सदऱ्याचं बटण नव्हे, तुटलं की दुसरं लावायला, अशी तिथली म्हणच आहे. दोब्रिलाचा मुलगा नेबोयशा, त्याचा बाप्तिस्मा पेर्साच्या हातावर झाला. त्याच्या लग्नात, तिथल्या रीतीप्रमाणे, नवरा-नवरीच्या डोक्यावर मुकुट धरायला पेर्साच उभी होती.

पण नात्याचं सोडा. दोघी कारखान्यात एकाच मेजाला होत्या. दोब्रिलाचा नवरा गेला तेव्हा पेर्सा चाळीस दिवस तिच्या घरी खाली चटईवर झोपली. तियानाला दिवस जात नव्हते तेव्हा टेकडीवरच्या मठात अनवाणी कोण चढली? पेर्सा. तिला स्वतःला मूलबाळ नाही, नवरा कधीच गेलेला. तिचं जे काही होतं ते या घरात होतं. "तुझ्या घरी पाळणा हलला की माझ्या घरी हलल्यासारखं," ती म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. म्हणूनच पुढे जे झालं ते दोब्रिलाला जास्त लागलं. परक्याने दगड मारला तर माणूस दगडाला शिव्या देतं. आपल्याच माणसाने केसाने गळा कापला तर शिव्या द्यायलाही तोंड उघडत नाही.

त्या वर्षी मिरच्या भाजायला पेर्सा आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. दोब्रिलाने एकटीने चूल पेटवली. सबंध गल्लीत प्रत्येक अंगणात चुली पेटल्या होत्या, धुराने डोळे चुरचुरत होते, जो तो खोकत होता. बाळाच्या खोलीच्या खिडकीला तिने ओली चादर लावली होती.

आणि त्याच दिवसांत, भर दुपारी, ऊन अंगणात पसरलेलं असताना, फाटकाशी पेर्सा उभी राहिली. डोक्याला नवा रुमाल, हातात फडक्यात बांधलेला पाव, आणि स्वतः विणलेले लोकरीचे मोजे. फाटक उघडायच्या आधीच तिने भिंतीकडे तोंड केलं आणि खोकली. लांबलचक. शेवटी श्वास आत ओढताना घशातून कसलासा आवाज आला. वळली तेव्हा चेहरा लालबुंद होता आणि गालात पुदिन्याची गोळी.

दोब्रिलाने फाटकाची कडी हातात तशीच धरली. "कूमा, हा खोकला कसला ग?"

"कसला म्हणजे? अख्ख्या गल्लीत मिरच्या जळतायत, माणसाने काय गाणं म्हणायचं? धूर गेला छातीत."

"खरं सांग. नर्सने फार बजावलंय."

"अग, मला ताप ना तोप. हात लावून बघ कपाळाला. बर्फ आहे बर्फ."

दोब्रिलाने कपाळाला हात लावला. थंडच होतं. "तरी पण..."

"तरी पण काय?" पेर्साने तीन बोटं जुळवून छातीवर क्रूस केला. "आपल्या कूमपणाची शपथ. धूर आहे, दुसरं काही नाही. आता आत घेतेस की मीही लांडगीच?"

दोब्रिला हसली. कडी सोडली. कूमाला फाटकातच उभं ठेवलं असं त्या गल्लीत कधी झालेलं नव्हतं. तिचे सगळे नियम अंधारासाठी होते, परक्यांसाठी होते, अनोळखी नजरेसाठी होते. भर दुपारी आलेल्या कूमासाठी त्यांत एकही नियम नव्हता.

तियाना आत गाढ झोपली होती. दोब्रिला पावलं न वाजवता गेली, पाळण्यातून बाळ उचलून बाहेर ओसरीवर आली आणि पेर्साच्या हातात दिलं. पेर्साचे डोळे भरले. मग तिने जी रीत आहे ती केली. गोंडस बाळाला गोंडस म्हणायचं नाही, दृष्ट लागते. ती अगदी जवळ वाकली आणि बाळाच्या तोंडावर तीनदा थुंकल्यासारखं केलं.

"थू! थू! थू! काय बाई कुरूप पोर! नाक बघा, जणू बटाटा! कुणी घेईना म्हणून आम्हाला दिली देवाने!"

"हो ना, टाकूनच द्यायची होती," दोब्रिलाही म्हणाली, आणि दोघी तोंडाला पदर... नव्हे, रुमाल लावून खुसखुसल्या.

"नाव ठरवलंय मी," पेर्सा म्हणाली. "पण बाप्तिस्म्याआधी मेले तरी सांगायची नाही."

ती गेल्यावर तियाना उठली. खुर्चीवरचे मोजे बघून तिने विचारलं, "पेर्साबाई आल्या होत्या?"

"आली होती. फाटकातूनच गेली," दोब्रिला म्हणाली. सुनेच्या जिवाला घोर नको, उगाच वाद नको, एवढंच तिच्या मनात होतं. खोटं बोलतोय असंसुद्धा तिला वाटलं नाही.

आठवडा गेला, वर काही दिवस गेले. बाळ हळूहळू गप्प गप्प राहायला लागलं. आधी कसं भुकेला उठून सगळं घर डोक्यावर घ्यायचं. आता उठवावं लागे. दोन घोट घेतले की झोपी जाई.

"आई, ही आज नीट पीत नाहीये," तियाना म्हणाली.

"पोट भरलं असेल. तुझा नवरा रडून गल्ली जागवायचा, तेव्हा मी नवस केला होता, देवा, पुढचं तरी शहाणं दे. हे बघ, दिलं."

तियानाने ताप पाहिला. ताप नव्हता. नाक थोडं वाहत होतं. खोकला नव्हता. दोब्रिलाच्या लेखी आजार म्हणजे ताप, खोकला, रडणं, कण्हणं. यातलं काहीच नाही म्हणजे पोर निरोगी. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला फाटकातून सांगत राहिली, "काय शहाणी आहे आमची! घरात बाळ आहे हे कळतसुद्धा नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तियाना तिला पाजायला बसली होती. पोरीचं तोंड छातीवरून सुटलं. ओठ आधी पांढरे, मग पिकल्या प्लमच्या सालीसारखे जांभळे झाले. ना खोकली, ना रडली, ना हातपाय झाडले. नुसता श्वास थांबला. जणू श्वास घ्यायचा असतो हेच ती विसरून गेली. तियानाने तिला पालथी घातली, पाठ चोळली, हाका मारल्या. हाका कुठल्या, नुसत्या किंकाळ्या, कारण हाक मारायला पोरीला नावच नव्हतं. मग छातीतून एक बारीकसा उसासा आला आणि ओठांवर रंग परतला. नेबोयशाने अंगातल्या बनियनवर गाडी काढली.

इस्पितळात खिडकीतली बाई कागद भरत होती. "बाळाचं नाव?"

कुणी बोलेना.

"अहो, नाव काय मुलीचं? हातात पट्टी बांधायचीय."

"नाव अजून... आमच्याकडे कूमा ठेवते," दोब्रिला म्हणाली. "तिने सांगितलेलं नाही."

त्या बाईने मान वर करून पाहिलं. आतल्या दारापलीकडे पुन्हा काहीतरी धावपळ झाली, कुणीतरी ऑक्सिजन म्हणून ओरडलं. तियाना खिडकीवर हात आपटून म्हणाली, "इस्क्रा. लिहा, इस्क्रा. ठिणगी आहे ती, विझलेली नाही."

दोब्रिलाने तोंडावर हात ठेवला. कूमाच्या आधी नाव! तेवढ्या जीवघेण्या वेळातही तिच्या मनात आलं, आता पेर्साला मी काय तोंड दाखवू?

तपासण्या झाल्या. संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. सेंका त्यांचं नाव, जाडजूड, पायात रबरी चपला, थकलेल्या. "डांग्या खोकला आहे," म्हणाल्या. तिथले लोक त्याला गाढवी खोकला म्हणतात, कारण उबळ संपून श्वास आत ओढताना माणूस गाढवासारखं ओरडतं.

"पण ती खोकलीच नाही!" दोब्रिला म्हणाली. "शपथेवर सांगते डॉक्टरीणबाई, एकदासुद्धा नाही. ताप नाही. रडणंसुद्धा नाही."

"तेच तर," सेंकाबाई बाकावर टेकल्या. "आजी, तुम्हाला-मला हा जंतू लागला तर आपलं अंग नुसता दंगा करेल. महिना-महिना खोकू, बरगड्या दुखतील, शेजारी शिव्या घालतील. कारण आपल्या अंगाला शत्रू ओळखीचा आहे. लहानपणी लस टोचली, कधी हा रोग गल्लीतून गेला, त्याची पुसट का होईना आठवण आहे. आतले शिपाई लगेच शिट्ट्या फुंकतात. ताप म्हणजे काय, खोकला म्हणजे काय? ती अंगाची आरडाओरड आहे. चोर आला, चोर आला."

"आणि बाळाचं अंग?"

"बाळाच्या अंगातही शिपाई असतात. पण नऊ महिने ते कुठे होते? आईच्या पोटात. तिथे आजूबाजूचं सगळं परकंच, आईचं रक्त, आईचं मांस. पण त्याच्याशी भांडून चालेल का? दोघंही मरतील. म्हणून त्यांना पहिली शिकवण हीच, की गप्प राहा, जे आहे ते आपलंच माना. बाहेर आल्यावरही ते बरेच दिवस तसेच वागतात. आणि ते बरंही आहे, कारण चांगले जंतू अंगावर, आतड्यात वस्तीला यायचे असतात. आल्या आल्या सगळ्यांवर तलवार उपसली तर पोर त्या भांडणातच संपेल."

"म्हणजे ती दुबळी नाही," तियाना हळूच म्हणाली.

"दुबळी असं नाही मी म्हणणार. भोळी आहे. जो येईल त्याला आत घेते. ओरडायचं असतं हे अजून कुणी शिकवलेलं नाही. शिपाई उठतात ते उशिरा, आणि उठले की सैरावैरा. तिच्या रक्तात पांढऱ्या पेशींची ही गर्दी झालीय. आणि खोकायलाही बळ लागतं, आजी. ते नाही, म्हणून खोकला यायच्या जागी श्वासच थांबतो. आईकडून रक्तातून थोडी शिदोरी मिळते, पण तियानाची लस लहानपणची, तिची शिदोरी कधीच संपलेली." त्या उठल्या. "औषध सुरू केलंय. पुढचे काही दिवस कठीण. आता मला सांगा, घरात कोण खोकतंय? अशा पोराला हे मोठ्या माणसाकडूनच येतं. अगदी जवळून. तोंडावर."

तोंडावर. दोब्रिलाच्या कानात ऐकू आलं, थू, थू, थू.

"कुणी नाही," ती म्हणाली. "मिरच्यांचा धूर होता गल्लीत."

"धुराने डांग्या खोकला होत नाही. बरं, बाळाला ज्यांनी ज्यांनी हातात घेतलंय त्या सगळ्यांनी औषध घ्यायचं. खोकला असो नसो."

दोब्रिलाने मनाची समजूत घातली. शपथ घेतली होती तिने. कूमपणाची. जन्मभर ज्या मेजावर काच फुटली नाही त्या मेजावरची बाई खोटी शपथ घेणार नाही. नर्सकडूनच आलं असेल, नाहीतर नेबोयशाने बाजारातून आणलं असेल. तिने व्हरांड्याच्या टोकाला जाऊन पेर्साला फोन लावला. मनात अपराध्यासारखं वाटत होतं, नावाचं कसं सांगावं म्हणून.

"कूमा, रागावू नकोस, पण पोरीचं नाव ठेवावं लागलं ग. इस्पितळात..."

पेर्सा नावावर काहीच बोलली नाही. नुसती रडत होती. "जगेल ना ती? कूमा, जगेल ना?"

"देवाच्या हातात. तू ऐक आधी. ज्यांनी बाळाला घेतलं त्यांनी गोळ्या घ्यायच्यात. नेबोयशा तुझ्याही आणून देईल."

"मला नकोत."

"हट्ट करू नकोस. वय बघ आपलं."

"नकोत म्हणते ना. मी घेतल्यात त्या. संपल्यासुद्धा."

व्हरांड्यातून एक बाई पाण्याची बादली घेऊन गेली. दोब्रिलाने तिला वाट दिली, मग विचारलं, "संपल्या म्हणजे? सुरू कधी केल्यास?"

पलीकडून फक्त हुंदका आला.

"पेर्सा." तीस-चाळीस वर्षांत तिने पेर्साला नावाने हाक मारली नव्हती. "सुरू कधी केल्यास?"

"तुझ्याकडे आले त्याच्या आदल्या दिवशी." मग धरण फुटावं तसं ती बोलत सुटली. "डॉक्टर म्हणाला पाच दिवस घराबाहेर पडू नकोस. पण मला ताप नव्हता ग! दोन गोळ्या पोटात गेल्या होत्या, म्हटलं मेले असतील जंतू. गल्लीतल्या सगळ्या येऊन गेल्या, आणि कूमा आली नाही? लोक काय म्हणाले असते? तुमच्या मनात आलं असतं, ही म्हातारी झाली, आता दुसरी कूमा बघू. मला कोण आहे ग दुसरं? नऊ वर्षं मी वाट पाहिली. एकदा हातात घ्यायचं होतं. एकदाच."

दोब्रिलाने सगळं ऐकून घेतलं. तिच्यावर ओरडायचं राहिलं, कारण त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं हे तिला कळत होतं.

"शपथ कशाला घेतलीस?" तिने विचारलं. "नुसतं खोटं बोलली असतीस तरी मी फाटक उघडलं असतं ग. शपथ कशाला घेतलीस?"

फोन ठेवून ती खालच्या मजल्यावरच्या छोट्या देवघरात गेली. मेणबत्त्या घेतल्या. पोरीसाठी एक, तियानासाठी, नेबोयशासाठी. हाताला सवय होती, चौथीही घेतली गेली. ती पेर्साची. नाव जिभेवर येईना. शेवटी मेणबत्ती न पेटवता खिशात टाकली.

वर तियाना काचेपाशी उभी होती. आत काचेच्या पेटीत इस्क्रा, नाकात नळी. दोब्रिलाने जन्मभर काच पेंढ्यात गुंडाळून ठेवली होती. आता तिची नात काचेत होती आणि पेंढा कुठून आणावा ते कळत नव्हतं.

"पोरी, तुला एक सांगायचंय," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं. फाटक, शपथ, ओसरी, थू थू. काही गाळलं नाही.

तियानाने काचेवरून नजर काढली नाही. "तुम्ही म्हणालात, फाटकातून गेल्या."

"म्हणाले."

"त्यांनी तुम्हाला फसवलं, ते तुमचं तुम्ही बघा. पण आई, तुम्ही उंबऱ्यावर बसलाय म्हणून मी झोपले होते."

दोब्रिला मागे सरकली. बाकावर बसून राहिली. रात्री सुनेला चहा आणून दिला, तो तिने घेतला, एवढंच.

पोरीचा श्वास त्यानंतर कितीतरी वेळा थांबला. प्रत्येक वेळी पेटीवरचं यंत्र किंचाळायचं, नर्स धावायच्या. पोर ओरडत नव्हती म्हणून तिच्यासाठी यंत्र ओरडत होतं. मग हळूहळू थांबणं कमी झालं. एका सकाळी आतून असा काही टाहो आला की दोब्रिलाच्या हातातली जपमाळ खाली पडली. सेंकाबाई हसत बाहेर आल्या. "ऐकलंत? आता शिकली. घरी गेल्यावर महिना-दोन महिने खोकेलही. घाबरू नका, आणि आता कुणी शहाणी म्हटलं तर खूश होऊ नका."

पोर घरी आली तेव्हा गल्लीतल्या बरण्या भरून झाल्या होत्या, चुली विझल्या होत्या. चाळीस दिवस उलटून गेले होते. बाप्तिस्म्याचा दिवस ठरायचा होता.

एका दुपारी उन्हं उतरताना पेर्सा फाटकाशी आली. बारीक झाली होती, खोकला मात्र गेला होता. हातात घडी केलेलं पांढरंशुभ्र कापड. पाण्यातून काढल्यावर बाळाला ज्यात गुंडाळायचं ते. ते कूमाने आणायचं असतं. काठाला तिने स्वतः भरतकाम केलं होतं.

दोब्रिला बाहेर आली आणि घराचं दार मागे ओढून घेतलं. फाटकाची कडी काढली नाही.

"कूमाला फाटकात उभं करतात का?" पेर्सा म्हणाली. भांडायला नव्हे, खरंच विचारल्यासारखं.

"नाही करत," दोब्रिला म्हणाली. "मी करतेय."

"मी पाया पडते तियानाच्या."

"ती म्हणते, पाया पडून घ्यायला तिला वेळ नाही. पोर खोकते, तिला उभी धरावी लागते." दोब्रिलाने गजाला धरलं. "तुझ्याकडे एक मागायचंय. कूमपण दुसऱ्याला द्यायचं तर आधीच्या कूमाने मोकळं करावं लागतं. नाहीतर आमच्यावर पाप. मोकळं कर आम्हाला."

पेर्साच्या तोंडावरचा रंग गेला. "तीन पिढ्यांचं आहे ग."

"म्हणून तर मागतेय. बटण असतं तर तोडलंच असतं."

मग पेर्साने तीन बोटं जुळवली, अर्ध्यावर थांबली, आणि क्रूस न करताच हात खाली घेतला. "मोकळं केलं," ती म्हणाली. "देव तिचं भलं करो. मी स्तामेना ठेवणार होते."

स्तामेना हे दोब्रिलाच्या आईचं नाव. दोब्रिलाचा हात गजावर घट्ट झाला. पण कडीकडे गेला नाही.

पेर्साने ते पांढरं कापड फाटकावर टाकलं, नीट, सुरकुती पडणार नाही असं, आणि गल्लीतून निघून गेली. दोब्रिला ओसरीवर येऊन बसली. टेकडीवरचं ऊन आधी पिवळं, मग तांबूस झालं. दोरीवर इस्क्राची दुपटी होती. ती उठली, एकेक काढून, झटकून आत नेली. पुन्हा येऊन बसली. कापडाचा काठ वाऱ्याने हलत होता. भरतकाम सुरेख होतं, त्यात काय खोटं बोलायचं? सूर्य टेकडीला टेकला. अर्धा गेला. सगळा गेला. कापड राखाडी दिसायला लागलं, मग नुसतं फाटकावर काहीतरी आहे एवढंच कळायला लागलं.

आत पोर खोकली आणि मग रडायला लागली, चांगली घसा फाडून. तियानाने आतून हाक मारली, "आई, अंधार झाला! बाहेर काही राहिलंय का तिचं?"

दोब्रिलाने फाटकाकडे पाहिलं.

"नाही ग," ती म्हणाली. "आपलं काही नाही राहिलं." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.